ताईचं नवं कॉलेज आणि जुना कोच

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं ताईने मला बजावलंय. पोहण्यावर तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. त्या कॉलेजचा टी-शर्ट घालून बाबा रोज इथे आखातात, घराजवळच्या अल मजाजच्या तळ्याकाठी फिरायला जायचे. मग त्याहून नामांकित कॉलेजने बोलावलं आणि ताई हो म्हणाली. आता आधीच्या कॉलेजच्या कोचला नकार कळवायचा होता. रडवेली होऊन तिने फोन लावला.

"कोच, सॉरी, मी दुसरीकडे जातेय."

नव्या कॉलेजचं नाव ऐकून कोच हसतच सुटले. "कुणाला बोलू नकोस. मीही तिथेच जॉइन होतोय."

मी फक्त बाबांना सांगितलं, आणि बाबा तर कुणालाच—

"अगं, इकडे ये," आईची हाक आली. "लिफ्टमध्ये खालच्या काकू विचारत होत्या, कोचचंही तिथेच जमलं का म्हणून."