टाके काहून नाही घातले?

— अरे बस गा बाबू, उठू नको. पेटी राहू दे तिथंच. वरठीच्या ठेसनावर पेट्या चोरणारा मीच, अन् मी त तुह्याजवळ बसलो. हसला! म्हणजे फौजेत दात काढू देतात तुमाले. चहावाला सांगे का तू मेडिकलवाला आहेस, बॉर्डरवरच्या तंबूच्या दवाखान्यात डॉक्टरच्या बाजूले कैची धरून उभा राहतोस — म्हून आलो. माहं काही दुखत नाही. मी करडीचा तुलाराम. गावात कोणालेही इचार — मी मेलो तरी लोक पयले तिरडीजवळ येऊन गुदगुल्या करून पाहतील, एवढा लबाड माणूस.

हा डबा हुंग. हुंग ना, चावत नाही! हिरड्याची पूड आहे, मूळव्याधीवरची. माह्या बायकोनं, ललिताबाईनं, सोता कुटली — माह्या पोरासाठी, प्रितमसाठी. तोही फौजेतच, तिकडंच. म्हणते, ठेसनावर कोणी फौजी दिसला त त्याच्या हाती पाठवा. आता गंमत आयक — पोराले मूळव्याध झालीच नाही! तोफगोळ्याचा तुकडा घुसला मांडीत. त्याचा फोन आला, मी ठेवला, तवा ललिताबाई समोर तांदूळ पाखडून राहिली होती, म्हणे, 'काय म्हणते पोरगा?' — अन् माह्या तोंडातून मूळव्याध निघाली. आईले तुकडा सांगू का? आता अख्खी करडी उपाय सांगून राहिली. व्हणाऱ्या सोयऱ्यानं त फोन करून इचारलं, 'जावयाले बसता येईल ना लग्नात?' मी म्हटलं, उभ्यानंच लावू! सगळे हसले. ललिताबाईही हसली — डोळे पुसत, पण हसली.

तुले खरं सांगतो. प्रितम म्हणे, 'बाबा, ऑपरेशन झालं, पण जखम उघडीच ठेवली, टाके नाही घातले. हवा बिघडली, हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, आलं का मोठ्या दवाखान्यात नेतील.' अन् लाइन कटली. तवापासून फोन लागतच नाही. उघडीच? एवढं फाडायचं, अन् उघडंच ठेवायचं? आपल्या धानाच्या बांधीचा धुरा, पाणी अडवणारा बांध, फुटला, धानातलं पाणी वाहून राहिलं, त आपण काय करतो? मिळंल तो चिखलाचा लोंदा घेऊन पयले भोक बुजवतो. उघडं कोण सोडते? ज्याचं धान गेलंच, तो सोडते. हेच बसलं माह्या डोक्यात. तुमी लोकं कोणाले असं उघडं सोडता, बाबू? जगणाऱ्याले, का —

हां. बोल, बोल... असं? आत माती जाते, कपड्याच्या चिंध्या जातात — वरून शिवलं त आतच सडते? म्हून सडकं कापायचं, धुवायचं, पट्टी भरून ठेवायची, अन् चार-पाच दिवसानं साफ दिसली का मग टाके? सगळ्यायलेच? तू सोता भरल्या पट्ट्या? अन् ते पोरं चालतात आता?... बरं. बरं बरं. म्हणजे डॉक्टरनं बराबर केलं. मीच येडा.

पण तू हसून काहून सांगतलं गा? अन् माह्या खांद्यावर हात काहून ठेवला? — नाही, तू खरंच बोलत असशील. पण ललिताबाईले मूळव्याध सांगतली ना, तवा मीही असाच हसलो. असाच हात ठेवला तिच्या खांद्यावर. आता तुह्या तोंडावर मले माहंच तोंड दिसून राहिलं. काय करू, सांग? खोट्यातला मी मास्तर, कोणतंही पकडतो. पण खरं सांगणाऱ्याचं तोंड कसं रायते, हे मी कवा पाहिलं? पुन्हा सांग. हसू नको, सरळ सांग — नको. थांब. सरळ तोंडानं सांगशील त जास्त भेव वाटंल.

सिग्नल पडला, पाह्य, तुही गाडी आली. उठ. नाही, काही बोलू नको आता, एक शब्द नको — मले घरी जाऊन हसाचं आहे अजून. जा म्हटलं ना!