मालक विचारायला आले तेव्हा

— बसा हो मालक, असं उंबऱ्यात काय उभं राहायचं! घर तुमचंच, छप्पर तुमचंच, गळतं तेही तुमचंच — तक्रार नाही हं, बादली आमची आहे. टोपी द्या इकडे, या भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगात ठेवते, आत ऊब आहे, आणि त्याचं दार लावून घेते. कशाला आलात ते मला कळत नाही होय? फेब्रुवारीत मालक गड्याच्या दारात आला म्हणजे एकच प्रश्न — ‘राहणार ना पुढचं वर्ष?’ — गड्यानं ‘राहतो’ म्हणायचं की झालं, वर्षाचं पीठ पक्कं. आणि मालक बोललाच नाही, तर गड्यानं काय ते समजायचं, गडी ठरवायच्या जत्रेत दुसरा मालक शोधायचा आणि मे महिन्यात गाडीवर बाडबिस्तरा. शेजारच्या आयझॅकशी काल बोललात ना? त्याची बायको सकाळपासून विहिरीवर मिरवतेय नुसती! आता आमची पाळी. हां, बोला — थांबा, आधी ही ओटची भाकरी घ्या, जरा कडक झालीय, दाढेखाली धरा.

तो आवाज? सासूबाई आहेत पलंगात. कफ झालाय. अहो, कोंबडी कशी असेल? गड्यामागे चारच कोंबड्या हा तुमचाच नियम, आणि चार बाहेर फिरतायत, मोजा हवं तर. सासूबाईच त्या. परवाच तर नणंदेकडे राहायला गेल्या, आता उन्हाळ्यापर्यंत काही — म्हणजे आल्या परत. लगेच. मायेच्या फार.

तर माझा नवरा, निनियन! असा नांगरणारा सापडायचा नाही तुम्हाला. घोड्यांची तुकतुकी बघा! आणि आयझॅकची जोडी? खराटे! तो बिचारा मुकादमानं मोजून दिलेलेच ओट घालतो ना. आमच्या निनियननं कोठीची मागची फळी सैल केलीय — तुम्ही ठोकून घेतलीत, त्यानं पुन्हा केली. स्वतःला एक दाणा घेत नाही हो! तुमचेच ओट, तुमच्याच घोड्यांच्या पोटात. याला काय चोरी म्हणायचं? ही तर हमाली झाली, आणि तीही फुकट! — बोला ना मालक, मी कुठं अडवलंय?

खरं सांगू? सात वर्षं होत आली लग्नाला, आणि हे सातवं घर. दाराशी गूजबेरीचं झुडूप लावलंय मी, तिसऱ्या वर्षी फळ धरतं म्हणे. एकदा तरी मी लावलेल्याचं फळ मी खावं, एवढंच वाटतं हो. दरवेळी दुसरीच कुणीतरी खाते. आधीचे मालक वाईट नव्हते, पण बोलले नाहीत. एकही नाही! यायचे, बसायचे, भाकरी खायचे, तोंड उघडायचे, मिटायचे, निघून जायचे. सगळे मेले मुके! निनियनचंच काहीतरी चुकत असणार, मी त्याला दरवर्षी सांगते — उठलात? अहो, मग बोला तरी! टोपी? मी देते, तुम्ही आत हात नका घालू — उडाली बाई! — ती सासूबाई नाही, बरोबर आहे तुमचं, पण आधी टोपी डोक्यावर घालू नका, तिच्यात तिनं —

फडकं देते. केसांना चांगलं असतं हो अंडं.

गेले! निनियन, ये रे गोठ्यातून बाहेर. नाही बोलले. अक्षर नाही! सातवं घर गेलं, झुडूपही गेलं. आणि तू म्हणालास तशी मी गप्पच बसले होते, विचार हवं तर त्या — अगंबाई, फाटकातून परत येतायत! टोपी काढून येतायत, तोंडही उघडलंय — या मालक, या, मी म्हणतच होते याला, की आमचे मालक काही बाकीच्यांसारखे — निनियन, हात काढ! माझ्या तोंडावर काय हात ठेव —