बटणावर पिकलेली भेंडी

बसा मायबाप, बसा. मागचे पुढे सरका, पुढचे गप्प बसा. आणि कुणाचा फोन चालू असेल तर आधी बंद करा. आजच्या आख्यानात फोनच फितूर होणार आहे, त्याला तयारी करू देऊ नका!

तर मंडळी, सवाल असा — काम करणं आणि 'केलं' म्हणून सांगणं, यात फरक किती? काय म्हणता? जमीन-अस्मानाचा? वा! कसे भराभर बोललात! मग सून विचारते, 'आई, गोळी घेतलीत का?' तेव्हा न घेताच 'घेतली घेतली' कोण म्हणतं? त्या खांबाआड काय लपता, वत्सलाबाई! ऐका.

ठाण्याला एक उंच इमारत. इतकी उंच की कावळ्यालासुद्धा मध्ये एकदा टेकावं लागतं. तिथे राहतो सुश्रुत कानडे. हुशार मुलगा, गोरागोमटा, आणि मातीला हात लावायचा तर आधी हातमोजे शोधणारा! त्यानं काय केलं? शहरातल्या लोकांनी गॅलरीत भाजी कशी पिकवावी, याचं मोबाइलमधलं ॲप काढलं. नाव ठेवलं 'कुंडीमित्र'.

आता ॲप काढायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पान पोपटी असावं की शेवाळी, यावर मित्रांशी भांडण! बटण गोल असावं की चौकोनी, यावर बायकोशी अबोला! शेवटी ठरलं — भेंडीनं स्वतः बोलायचं. बायकोच्या, वैदेहीच्या गोड आवाजात. सकाळ झाली की फोनातून भेंडी म्हणणार, "अहो, मला तहान लागली!" की आपण उठायचं, पाणी घालायचं आणि बटण दाबायचं — 'घातलं'. लगेच फोनातल्या झाडाला नवं पान!

छान आहे की नाही? छानच आहे. पण माणूस आहे ना! भेंडी ओरडते अंथरुणाशी, कुंडी आहे गॅलरीत आणि बटण आहे अंगठ्याखाली. मग अंगठा काय करणार? दाबलं! 'घातलं!' कूस बदलली, घोरायला मोकळा. सगळी इमारत तेच करायला लागली. फोनात नंदनवन, गॅलरीत काड्या! शेजारच्या गोगटेकाकूंनी तर बाजारातली वांगी चिकटपट्टीनं रोपाला चिकटवली आणि फोटो पाठवून ॲपातल्या स्पर्धेत पहिला नंबर काढला!

सुश्रुत चिडला. लोकांची ही लबाडी? त्यानं ॲपात नवी सोय केली — 'पारख'. फोटो काढला की ॲपच मोठ्यानं सांगणार, भाजी झाडाची की बाजाराची. दुसऱ्याची चोरी धरायला केवढी अक्कल चालते हो आपली! आणि स्वतः सुश्रुत? तोही रोज सकाळी अंथरुणातच… दाबलं!

अशात आले गणपती. आणि गणपतीबरोबर आल्या सासूबाई. नागावच्या द्वारकाबाई. चतुर्थीला मोदक झाले, आरती झाली, आणि बाई म्हणाल्या, "जावईबापू, उद्या ऋषिपंचमी. माझं व्रत ठाऊक आहे ना? बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. परसात आपल्या हातानं लावलेलं, तेवढंच तोंडात घालायचं. नागावला माझं परस आहे. इथे काय?"

सुश्रुत म्हणाला, "आई, हल्ली शेतात बैल कुठे असतो? ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टरच्या कष्टाचं चालतं का?"

"ट्रॅक्टरलाच विचारा! अहो, वर्षभर दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवून जेवतो आपण. एक दिवस आपल्या हातांना विचारायचं — बाबांनो, तुम्ही काय पिकवलंत? नसेल पिकवलं तर उपाशी बसायचं. मी बसेन हो, मला काही होत नाही."

सासू आपल्या दारात उपाशी? तीही सणाची? सुश्रुतच्या तोंडातून निघून गेलं, "उपाशी कशाला? माझ्या गॅलरीत भेंडी आहे, दोडका आहे, सगळं आहे!" आणि पुरावा म्हणून काय दाखवलं? फोन! काय ती भेंडी! काय तो दोडका! बाईंनी फोनाचीच दृष्ट काढली.

*बोटाने पेरिले, बोटाने पाजिले ।*
*ताटात वाढिले वारे बाई ॥*

सकाळी उठून सुश्रुत मंडईत. भेंडी आणली, दोडका आणला. गॅलरीचं दार लावून घेतलं आणि वाळक्या काड्यांना एकेक भेंडी दोऱ्यानं बांधतोय! गाठ सुटतेय, पुन्हा बांधतोय. देवा गणराया, एवढा दिवस निभावून ने! आता गणपतीनं काय काय निभावायचं, सांगा!

बाई न्हाऊन आल्या. बघतात तर कुंड्या लगडलेल्या! डोळ्यांना पाणी आलं हो त्या माउलीच्या. "वैदेही, अगं, मी यांना बोटं चालवणारा म्हणत होते. चुकले मी! जावईबापू, झाडाशेजारी माझा फोटो काढा. बहिणीला धाडते."

वैदेही म्हणाली, "तुझ्या ॲपातच काढ ना! जगाला कळू दे."

"नको… उजेड बरा नाही…"

"दे इकडे!" वैदेहीनं फोन घेतला. टिचक! आणि बायकोच्याच गोड आवाजात फोन ओरडला —

"ही भाजी बाजारातली आहे! देठाला दोरा दिसतो आहे! लाज बाळगा, तुमचे गुण कापले आहेत!"

शेजारच्या गॅलरीतून गोगटेकाकूंची टाळी ऐकू आली!

बाई आत गेल्या, पाट घेतला, भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं! वैदेही म्हणाली, "सुश्रुत, माझ्या आईशी?" एवढंच.

तो एकटाच दोरे सोडत बसला. सोडता सोडता कोपऱ्यात गेला. तिथे एसीच्या नळीखाली आधीच्या भाडेकरूची फुटकी बादली — आणि तिच्यात अळू! हत्तीच्या कानाएवढी पानं! दिवसभर एसी गळतोय, अळू पितंय. ना त्याला ॲप, ना बटण!

मंडळी, आता बघा हं. मनानं लगेच काडी टाकली — 'सांग, मीच लावलं! कुणाला कळतंय?' खरंच, कोण ओळखणार होतं? याला ना दोरा, ना चिकटपट्टी! पारखही पास करणार!

सुश्रुत पानं हातात घेऊन बाईंसमोर उभा राहिला. म्हणाला, "आई, अळू सापडलं. पण मी लावलेलं नाही. एक थेंब घातलेला नाही. भेंडीलाही कधीच घातला नाही. नुसतं बटण दाबलं."

बाई वळल्या. देठ मोडून बघितला, अळू रानटी नव्हतं, भाजीचंच होतं. मग खो-खो हसल्या! "म्हणजे याच्यात बैल राबला नाही आणि जावईही राबला नाही! असं निर्मळ अन्न ऋषींनीही खाल्लं नसेल!"

"मग… जेवाल?"

"लावायला हात लागले नाहीत, तर शिजवायला लागू द्या. बसा खाली. देठ सोला."

सोलले! हाताला तेल लावायचं माहीत कुणाला? अशी खाज सुटली, अशी खाज सुटली की मनगटापासून कोपरापर्यंत तांडव! वैदेही हसून हसून त्याच्या हातांना चिंच चोळतेय. भाजी कच्चट झाली, मीठ विसरलं. बाईंनी एक घास घेतला. सुश्रुत खाजवता खाजवता थांबला.

"घशाला खवखवतंय," बाई म्हणाल्या, "पण खरं आहे. वाढा अजून."

हसलात? हसा. आता तुमच्याकडे वळते. त्या तिसऱ्या ओळीतल्या काकू — हो, तुम्हीच! बोटात जपाचं ते मोजायचं यंत्र घातलंय. मघापासून टिकटिक, टिकटिक चाललंय, आणि माझ्या आख्यानात 'पुढे काय झालं हो?' म्हणून शेजारणीला विचारताय! नाम किती झालं आणि बटण किती झालं? अहो, देवाच्या दारी आकडा जात नाही. तुमच्या तोंडून निघालं तेवढंच जातं — बेसूर असेल, घोगरं असेल, चालेल! घशाला खवखवू दे, पण खरं असू दे.

काढा ती यंत्रं. ठेवा पिशवीत. आता मोकळ्या हातांनी टाळी आणि मोकळ्या गळ्यानं नाम… अहो, नुसते ओठ काय हलवताय? मला दिसतंय इथून!