नीलसाठी मागवलेला बुधला

नाही नाही, हात घालू नका त्यात, देवव्रत — काच आहे. फोटो इथूनच काढा. ऑकलंडहून, पेनरोजच्या कुरिअर डेपोतून तुम्ही इतक्या लांब हॅमिल्टनला, रोटोटुनाला आलात, उगाच बोट कापून जाल. वास येतोय ना? येणारच. तो काकवीसारखा ओघळलाय ना, तो जवाचा पाक — घरी बिअर करायला लागतो — त्याचा डबा आत फुटला, बिअर आंबवायचा काचेचा बुधलाही फुटला, सगळा पाक त्याच्यावर सांडला, आणि आता मुंग्या बघा. किळस येते गॅरेजमध्ये पाऊल टाकायला. खोक्यावर 'फ्रॅजाइल' लिहिलंय, बाण काढलाय, आणि तुमच्या माणसानं ते दारात उलटं टेकवलं — उलटं — आणि बेलसुद्धा न वाजवता गेला. पाक गळतोय, आत काच खळखळतेय, आणि हा गेला. मी दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे हो, रोज टाक्या आणि पाइप बघतो, आमच्याकडे असं कुणी केलं तर — जाऊ दे. तुमच्याकडे फोन केला तर ती बाई आधी माओरीत नमस्कार करते, 'किआ ओरा', मग म्हणते, 'हीप्स सॉरी अबाउट दॅट.' हीप्स, म्हणजे ढीगभर सॉरी. काय करू मी त्या ढिगाचं?

हसताय? हसा. घरात देव्हारा आणि गॅरेजमध्ये बिअर — माझी बायको मृदुलाही तेच म्हणाली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि मी पीत नाही. थेंबसुद्धा नाही. मग कशाला हा उद्योग? सांगतो. आमचा मुलगा नील युनिव्हर्सिटीत आहे, इथेच हॅमिल्टनला, पण मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. एकदा मृदुलानं थालीपीठं दिली म्हणून न कळवता गेलो त्याच्याकडे. बाथटबमध्ये बाटल्या, सोफ्यावर कोण तरी बूट घालून झोपलेला, जमिनीला चपला चिकटत होत्या. आणि त्या घाणीत आमचा नील उभा राहून मोकळा हसत होता. मला बघितलं आणि हसू गेलं. असो. त्याच्या एका मित्राचा बाप घरी बिअर करतो म्हणे, ही सगळी पोरं रविवारी तिथे जातात, बाटल्या भरायला, गप्पा मारायला. दुसऱ्याच्या बापाकडे. म्हटलं, पाक उकळायचा, थंड करायचा, यीस्ट घालायचं — मला काय अवघड आहे? क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये एक दुकान आहे, तिथून सगळं सामान मागवलं. नीलला फोन केला. मी मराठीत, तो नेहमीसारखा इंग्लिशमध्ये. 'यू? बिअर?' म्हणाला — पण येतो म्हणाला, रविवारी.

आला की. खोकं त्यानंच उघडलं. मी खोक्यात बघतच नव्हतो हो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्यानं ती काच बघितली, तो चिकटा बघितला, आणि म्हणाला, 'ओ वेल, डॅड. स्वीट ॲज.' म्हणजे चालतंय, काही बिघडलं नाही. गाडीची किल्ली हातातच होती त्याच्या, खाली ठेवलीच नव्हती. मृदुलानं चहा टाकला होता, तो न घेता गेला. तुम्ही सांगा, वाईट वाटलेला माणूस असा दिसतो? सुटल्यासारखा दिसत होता. म्हणजे — मला तसं वाटलं. पाठमोरा होता तो तेव्हा.

काय म्हणालात? दुसरा बुधला पाठवाल? अहो, तो मी दुसऱ्याच दिवशी आणला इथल्या दुकानातून, तो बघा खिडकीशी, धुऊन पुसून ठेवलाय. नीलला कळवलं. बिझी आहे म्हणाला. पुढच्या आठवड्यात विचारलं, तरी बिझी. परवा तर फोनच उचलला नाही. मग तक्रार कशाला केली — हेच विचारताय ना? सामान नकोय मला. मला फक्त एवढंच हवंय की तुमच्यापैकी कुणीतरी समोर उभं राहून म्हणावं, हे आमच्या हातून फुटलं, आमच्यामुळे तो पोरगा त्या दिवशी परत गेला. एवढं म्हणा. मृदुलाला सांगायला गेलो तर ती मान खाली घालून भाजी चिरत बसते. तुम्हीही खाली बघताय आता.

नको गं मृदुला, चहा नको टाकूस, निघालेत ते.

झाले ना फोटो? मग या तुम्ही. ते खोकं राहू दे, मी बघतो त्याचं. या.