दोन खेपा

कडूबाई : म्हंजी दोन खेपा वाचल्या तुमच्या, हनुमंतराव. हिरीवरनं पानी आनायच्या.

हनुमंत : कसल्या खेपा, कडूबाई?

कडूबाई : फवारनीचा पंप अन् औषधाचं टिपाड वस्तीवर धुतलं असतं तर लागल्या असत्या. तुमी सरळ नदीत नेऊन बुडवलं. डोहावर पांढरा फेस हाय अजून.

हनुमंत : नदीचं पानी आटलंय. आटल्यावर मासा मरतोच.

कडूबाई : चाळीस वर्सं जाळं टाकतीय मी. आटून मेलेल्या माशाला औषधाचा वास येतो व्हय?

हनुमंत : हळू बोल! डाळिंबाचा व्यापारी बसलाय ओट्यावर.

कडूबाई : त्या ‘सेंद्रिय शेती’च्या पाटीखाली? बसू द्या, शोभतोय.

हनुमंत : तुला काय पायजे ते सांग. तुझा धंदा बुडला, मी बघतो काय ते.

कडूबाई : माझं ऱ्हाऊ द्या. तुमच्या उसाला आलेल्या तोडकऱ्यांच्या बाया सकाळी ते तरंगलेले मासे पाट्या भरून कोप्यांवर रांधायला घेऊन गेल्या. मी आडवी गेले, खाऊ नका म्हनलं.

हनुमंत : मग?

कडूबाई : हसल्या. म्हनल्या, फुकट मासा मिळाला की मावशीच्या पोटात दुखतं. मासेवालीचं कोन ऐकतंय? तुमी सांगा. औषध माझंच हुतं म्हना, मग पटंल.

हनुमंत : अन् ह्यो उठून गेला तर सगळा बाग कुनाच्या गळ्यात घालू? चहा पिऊन जाऊ दे त्याला. अर्ध्या तासानं काय हुतंय?

कडूबाई : मासा शिजायला तेवढाच येळ लागतो.

(दोन-अडीच तासांनी. व्यापाऱ्याची गाडी गेलेली. कडूबाई तिथंच बसून.)

कडूबाई : झाला सौदा?

हनुमंत : झाला. थांब, मुकादमाला फोन लावतो. हॅलो, गोरक्ष? ते नदीचे मासे कुनी खाऊ नका म्हनावं... आरं, माझ्या पंपाचं औषध... काय? कवा?... किती जनं?

कडूबाई : काय म्हनतो?

हनुमंत : उलट्या लागल्यात. टेम्पोत घालून श्रीरामपूरला नेलं.

कडूबाई : औषधाचं नाव सांगा त्याला. डॉक्टर पयलं त्येच इचारंल.

हनुमंत : सांगतो. बाटली शोधतो. टेम्पो माघारी आलाय म्हनला.

कडूबाई : बरी झाली व्हय मानसं?

हनुमंत : न्हाई. एका खेपंत मावली न्हाईत.