विटेला शून्य

डोळ्यांच्या दवाखान्यात एक आजी थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी पन्नाशीच्या एक बाई चाचपडत बसू लागल्या.

“घाई नाही हं, सावकाश,” चाहूल लागून आजी म्हणाल्या.

“बाई, तुम्ही आमच्या शाळेत यायचात का? मुलांची बुद्धी मोजायला? अगदी असंच म्हणायचात.”

“संशोधनासाठी जायचे, बऱ्याच शाळांत. तुम्हाला आठवतंय?”

“खुर्चीचं चित्र दाखवून विचारलंत, यात काय कमी आहे? मी म्हटलं, वीट.”

“अगं बाई, वीटवाली तू होय?”

“आमच्या घरच्या खुर्चीला तीनच पाय होते, चौथ्याच्या जागी विटा. चित्रात विटाच नव्हत्या.”

“पुस्तकात उत्तर ‘पाय’ होतं. मला शून्य द्यावं लागलं.”

“शून्य? तुम्ही तर किती प्रेमानं मान हलवलीत.”

“तशी मान प्रत्येक उत्तराला हलवायची, असा नियम होता गं.”

“मी घरी सांगितलं, सगळं बरोबर आलं. आईनं मला त्या खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि प्रत्येक प्रश्न परत विचारला. विटेचं ऐकून इतकी हसली. आता ती नाही. म्हणजे मी तिला खोटंच सांगितलं.”

“नाही गं. बरोबरच सांगितलंस.”