पिवळं म्हणजे वाईट

— वर जाल हो, सावकाश जाल, घाई काय आहे? जिना कुठे पळून जात नाही. आणि एवढी वाढलेली दाढी घेऊन कोणी गिऱ्हाइकाकडे जातं का, साहेब? बसा. मान मागे टेकवा. हं, अशी. बायको वर आहे, तुम्ही विकलेलं ते पाण्याचं मशीनही वर आहे, दोन्ही चालू आहेत. आता फेस लावतो, तोंड मिटा — साबण तोंडात जाईल. म्हणजे गेला तरी तुमची हरकत नसावी, तुमच्या हिशेबानं साबण म्हणजे अमृतच. हसू नका. गाल हलला की वस्तरा अडतो.

मी तसा फार बोलत नाही. दुकानात बोलायचं काम गिऱ्हाइकाचं, माझं काम हं हं म्हणायचं. आज जरा उलटं होऊ दे. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा मी इथे खालीच होतो, कुणाच्या तरी मानेवर. पण तिनं नंतर मला सगळं करून दाखवलं, तुमच्यापेक्षा रंगवून. शून्यापासून चौदापर्यंत पट्टी. सातच्या खाली आंबट, सातच्या वर अल्कली, आणि नेमकं सात म्हणजे ना इकडचं ना तिकडचं, आमच्या मेव्हण्यासारखं. मग तुमची ती थेंबांची बाटली. नळाचं पाणी हिरवं, बाटलीतलं सरबत पिवळं, मशीनचं पाणी जांभळं. पिवळं म्हणजे वाईट, जांभळं म्हणजे चांगलं. झालं! एवढ्यात आरोग्य आटोपलं. डॉक्टर लोक इतकी वर्षं शिकत काय माशा मारत होते कोण जाणे.

थेंबांची बाटली तुम्ही तिच्याकडे ठेवून गेलात, तिथे घोळ झाला. नाही, वाईट हेतूनं नाही, मी कुठे म्हणतोय? पण माकडाच्या हाती कोलीत — तिला सांगू नका मी असं म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून घरात तपासणी सुरू. दही पिवळं. लिंबू पिवळं — ते बिचारं मुळातच पिवळं. माझा चहा तपासला, तो आपल्याच रंगाचा राहिला, तर म्हणाली, ह्यात काहीतरी लपवाछपवी आहे. मग मला म्हणाली, थुंका. बायकोनं सांगितलं, थुंकलो चमच्यात. पिवळसर आलं. अशी बघायला लागली माझ्याकडे — म्हणाली, तरीच! एवढा संसार झाल्यावर बाईला कळलं की नवरा आंबट आहे. इथे दुकानात येऊन तुरटी तपासली, तीही पिवळी. आणि साबणाचा फेस? गडद जांभळा! आनंदानं नाचायची बाकी राहिली. म्हणाली, बघा, किती चांगला आहे हा. मी म्हटलं, मग पी. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

मान थोडी उजवीकडे. हं.

इथवर सगळी गंमतच. मग तिनं फ्रिजमधलं पेन काढलं. इन्सुलिनचं. तिला साखर आहे, सुई टोचून घ्यावी लागते, हे तिनं तुम्हाला सांगितलं होतं — हलू नका, वस्तरा गळ्यावर आहे. मी काही करत नाही हो, ह्या वस्तऱ्यानं आजवर केसाशिवाय काही कापलं नाही. फक्त हलू नका. तर त्या पेनातले दोन थेंब तिनं चमच्यात काढले, वरून तुमचा थेंब टाकला. पिवळं. चांगलं हळदीसारखं पिवळं. झालं. म्हणाली, डॉक्टर आजवर मला आंबट टोचत होता, म्हणून माझं रक्त आंबट, म्हणून माझी साखर हटत नाही — सगळं जुळलं तिचं. रक्त आंबट झालं की आजार होतात हे तुम्ही म्हणाला होतात ना? की तुमच्या कागदावर होतं? असो. तिनं पेन केराच्या डब्यात टाकलं आणि जांभळं पाणी पीत बसली.

मग काही दिवसांनी ती धापा टाकायला लागली. बसल्या जागी. डोंगर चढून आल्यासारखा श्वास, खोल, एकामागून एक, थांबेचना. पोटात कळा, उलट्या. आणि तोंडाला वास यायला लागला, पिकून उतरलेल्या फळांचा. गोड वास. मला वाटलं, घरात कुठे फळं सडलीत, मी वेड्यासारखा टोपल्या हुडकत बसलो, आणि फळ माझ्या शेजारी बसून सडत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं. म्हणाल्या, सात पूर्णांक एक. मी म्हटलं, चौदापैकी सात? म्हणजे पास ना हो? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजोबा, रक्त सात पूर्णांक चारच्या आसपासच राहावं लागतं, केसभर वर, केसभर खाली, बस. केसभर म्हणजे काय हे मला सांगायला नको, जन्म गेला केसात. आणि ही पट्टी तुमच्या फूटपट्टीसारखी नाही म्हणाल्या, एक घर खाली उतरलं की दहापट आंबट. मग मी विचारलं, अहो, पण ती तर बादल्यांनी जांभळं पाणी पीत होती! त्या म्हणाल्या, पोटात आधीच एवढं आंबट असतं की तिथे तुमचं पाणी पोचलं की त्याचा जांभळेपणा संपलाच. रक्त सांभाळायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, मशीन नाही. ती धाप होती ना, ती म्हणे तिचीच फुप्फुसं आंबटपणा बाहेर फेकायला धडपडत होती. आणि आंबट झालं होतं ते इन्सुलिन सोडल्यामुळे. अंगाला साखर वापरता येईना, मग अंग चरबी जाळत सुटलं, त्याचा हा धूर.

आणि ते पेनातलं इन्सुलिन — ते आंबटच असतं हो! तसंच बनवतात. आंबट असतं तोवर पाण्यासारखं राहतं, कातडीखाली गेलं की आंबटपणा मोडतो आणि त्याचे बारीक बारीक कण होतात, मग ते दिवसभर हळूहळू विरघळतात. म्हणून दिवसातून एकदा पुरतं. मला पुरतं कळलं नाही, पण पटलं. पिवळं येणारच होतं. पिवळं होतं म्हणूनच ते कामाचं होतं.

तोंड पुसतो. डोळे उघडले तरी चालतील.

आता ती घरी आली आहे. डॉक्टरीणबाईंनी नवीन पेन दिलं. ते मी फ्रिजमध्ये ठेवतो आणि ती काढून ठेवते. काल मला ते जुन्या उशीच्या अभ्र्यात सापडलं. मी समजावलं, बाईंनी फोनवर समजावलं. ती म्हणते, मी माझ्या डोळ्यांनी पिवळं बघितलंय. काल कसंबसं टोचू दिलं. आजचं अजून बाकी आहे. सकाळपासून तोंड फिरवून बसली आहे. आणि मी तरी काय जोर करणार — माझ्या हातात जन्मभर धारेचीच वस्तू, कुणाच्या कानशिलाला कधी ओरखडा आला नाही, पण तिच्या पोटाची चिमूट धरून सुई टोचायची म्हटलं की हात असा कापतो की तीच म्हणते, आणा इकडे. ती म्हणाली ना, आजपासून सुई बंद, तेव्हा मला आतून जरा सुटल्यासारखं — जाऊ दे. मान वर करा, हनुवटीखाली थोडं राहिलंय.

तुरटी लावतो. झोंबेल.

ती तुमचं ऐकते. डॉक्टरचं नाही, माझं तर नाहीच नाही. का ते मला ठाऊक आहे. तुम्ही दारातून आत येताना तिला आई म्हणालात. आम्हाला मूल नाही, साहेब. तिला काकू म्हणणारे आहेत, मावशी आहेत, वहिनी तर गल्लीभर. आई म्हणत घरात शिरलेले तुम्ही पहिलेच. मशीन तुम्ही कसलंही विकलं असतंत, तिनं घेतलं असतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं माहीत आहे? तो येऊन गेला का? मला वाटलं होतं, माझी चौकशी करेल.

तुम्हाला कंपनीत शिकवतात का, आई म्हणायला? — नको. नका सांगू. मला कळून काय करायचंय.

तुम्ही आता वर जाणार. मशीनचं काय बोलायचं ते बोला, ते राहू दे घरात, पाणीच आहे, भाजी धुवायला होईल. पण पिवळ्याचं तेवढं खरं सांगा. म्हणावं, ते थेंब पाणी तपासायचे असतात, औषध नाही. म्हणावं, मी चुकलो. तुमच्या तोंडून आलं तर ती ऐकेल. आणि ते दुसरं, आईचं — ते जर खोटं असेल, तर ते मात्र तसंच राहू द्या.

टॉवेल द्या इकडे. उठा. जिन्यातूनच हाक मारत जा, तुम्ही येणार म्हटलं की तिला केस नीट करायला वेळ लागतो. काय हाक मारायची ते तुम्हाला माहीत आहे. जा.